लमाणी तांड्याचा आवरता संसार

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा आणि उमरखेड या तालुक्यांत आज जे बंजारा तांडे स्थिर गावे म्हणून नांदत आहेत, त्यांतील रहिवाशांचे पूर्वज बैलांच्या पाठीवरून धान्य, मीठ आणि कापूस वाहून नेणारे लमाण होते. तांडा म्हणजे मुळात नायकाच्या आज्ञेत, बायकापोरांसह चालणारा बैलांचा काफिला. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा असा तांडा भेटला; बैलांना वाटेत चरता यावे म्हणून तो दिवसाकाठी सहा-सात मैलांपेक्षा अधिक चालत नसे.

या संथ चालीतच तांड्याच्या हलकेपणाचे मर्म आहे. वैरण सोबत घ्यायची नसल्यामुळे बैलाची सारी ताकद मालासाठी मोकळी राहत असे, आणि जी पाठ घरच्या सामानाने अडकेल तिचे भाडे बुडत असल्यामुळे संसार आवरता ठेवणे भागच होते. पाठीवर आडवी टाकलेली, दोन्ही अंगांना सारखे वजन तोलणारी गोण हे लादणीचे मुख्य साधन. मुक्कामाला याच गोणींची थप्पी रचली की तिचा आडोसा होई आणि वर पाल, म्हणजे कापडी छत, ताणले की घर उभे राही. संपत्ती तर बव्हंशी अंगावरच असे. स्त्रियांचा जाड सुती फेटिया, म्हणजे घेरदार घागरा, आणि कांचळी, म्हणजे पाठीवर बंदांनी बांधायची चोळी, यांवर आरसे, कवड्या आणि नाणी टाचलेली असत; केसांत घुगरी, टोपली हे चांदीचे दागिने आणि दंडापर्यंत बलिया, म्हणजे हस्तिदंती किंवा हाडाच्या बांगड्या असत. पेटी, कुलूप आणि राखणदार यांची गरज न ठेवणारी ही व्यवस्था, तिच्या नक्षीकामाच्या सौंदर्याइतकीच, तिच्यामागील विचारासाठीही गौरवास पात्र आहे.

जेथे प्रत्येक पाठीचा हिशेब होता तेथे एक बैल मात्र मोकळा चाले. बालाजीला वाहिलेल्या या बैलावर कधीही ओझे लादत नसत. रेशमी गोंडे, घुंगरे आणि कवड्यांच्या माळांनी सजवलेला तो तांड्याच्या अग्रभागी असे, आणि संध्याकाळी तो जेथे बसेल तेथे मुक्काम पडे.

रेल्वेपूर्वी वऱ्हाडचा कापूस अशाच बैलांवरून सातपुडा आणि विंध्य ओलांडून सुमारे ५०० मैलांवरील, गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. समुद्राकाठचे मीठ देशावर आणण्याचे कामही लमाणच करीत. भूभाग बदलला, बाजाराची भाषा बदलली, तरी तांड्याच्या आतली गोरबोली, म्हणजे बंजारांची बोली, पोशाख आणि नायकाचा न्याय बदलत नसे. खरा शत्रू पाऊस होता: भिजलेला कापूस दुप्पट जड होई आणि काळ्या जमिनीत बैलांचे पाय रुतत, म्हणून पावसाळ्यात गवत-पाणी पाहून तांडा एका जागी थांबे.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला आणि लांब पल्ल्याची वाहतूक लमाणांच्या हातून निसटत गेली. या ऱ्हासाचा सगळा दोष बहुधा रेल्वेलाच दिला जातो, परंतु तेवढे कारण पुरेसे नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धाने कापसाचे भाव भडकले, पडीक रानांवर नांगर फिरला, पुढे जंगले राखीव झाली, आणि ज्या फुकट चराईवर तांड्याचा हिशेब उभा होता तीच आटली. वैरण विकत घ्यावी लागली असती तर बैलावरचा माल परवडलाच नसता. पुसदसारख्या, लोहमार्गापासून दूर राहिलेल्या डोंगराळ भागात बैलांवरची जवळपासची ने-आण टिकण्यास वाव होता. तरीही तांडे हळूहळू शेतीकडे वळले. पुसद तालुक्यातील गहुली हे अशा स्थिरावलेल्या बंजारा वस्तीचे गाव असून, १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक यांचा जन्म १९१३ मध्ये तेथेच झाला.