लेस्टर विद्यापीठाची अभियांत्रिकी इमारत

इंग्लंडच्या मध्य भागातील लेस्टर शहरात व्हिक्टोरिया पार्क नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. त्याच्या कडेला, विद्यापीठाच्या आवारात, लाल विटांचा व काचेचा एक मनोरा उभा आहे. ही लेस्टर विद्यापीठाची अभियांत्रिकी इमारत होय. विसाव्या शतकातील ब्रिटिश वास्तुकलेत तिला मानाचे स्थान आहे. तरीही तिला टिकवण्यासाठी विद्यापीठाला दीर्घकाळ झगडावे लागले. तिचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

लेस्टर विद्यापीठाचा जन्म युद्धाच्या दुःखातून झाला. पहिल्या महायुद्धात प्राण गमावलेल्यांचे स्मारक म्हणून १९२१ साली येथे महाविद्यालय सुरू झाले. त्यासाठी टॉमस फील्डिंग जॉन्सन या उद्योजकाने जागा व जुनी इमारत दान केली. ती इमारत पूर्वी मनोरुग्णालय होती आणि युद्धकाळात तेथे लष्करी रुग्णालय होते. संस्थेचे लॅटिन बोधवाक्य योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायावर आधारलेले असून, सर्वांना जीवन लाभावे असा त्याचा आशय आहे. शेजारच्या उद्यानातील युद्धस्मारकाची कमान एडविन लट्यन्स यांची आहे. दिल्लीच्या इंडिया गेटचे वास्तुकारही तेच.

१९५७ साली या महाविद्यालयाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि अभियांत्रिकी विभाग उभारण्याचे ठरले. १९५९ साली हे काम जेम्स स्टर्लिंग व जेम्स गोवन या तरुण वास्तुकारांकडे आले. दोघेही मूळचे स्कॉटलंडमधील ग्लासगोचे. विभागाचे प्रमुख प्राध्यापक एडवर्ड पार्क्स यांनी विभागाच्या गरजा स्पष्टपणे मांडल्या होत्या आणि इमारतीचा आकार बव्हंशी त्या गरजांतूनच ठरला.

पहिली गरज पाण्याची होती. जलशक्तीच्या प्रयोगांसाठी पाणी सुमारे शंभर फूट उंचीवरून यावयास हवे होते. त्यामुळे टाकी माथ्यावर ठेवणे भाग पडले आणि मनोऱ्याला कारण मिळाले. दुसरी गरज उजेडाची होती. यंत्रशाळेत थेट ऊन न येता उत्तरेकडचा स्थिर प्रकाश यावा, अशी अपेक्षा होती. मुंबईच्या कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे तत्त्व चटकन उमगेल. लेस्टरमध्ये मात्र जागेच्या भिंती उत्तर दिशेशी जुळत नव्हत्या. म्हणून वास्तुकारांनी छपरावरील काचेच्या रांगा भिंतींशी ४५ अंशांचा कोन करून तिरप्या बसवल्या. त्या रांगांची टोके कडेला हिऱ्याच्या पैलूंसारखी बाहेर डोकावतात.

मनोऱ्याच्या पायथ्याशी दोन व्याख्यानगृहे आधाराविना पुढे झेपावलेली दिसतात. वर उभ्या असलेल्या मनोऱ्याचे वजन त्यांचा तोल सांभाळते. ही रचना साधण्यात अभियंता फ्रँक न्यूबी यांचा वाटा मोठा होता. १९६३ साली इमारत पूर्ण झाली आणि त्याच सुमारास दोघा वास्तुकारांची भागीदारीही संपुष्टात आली. स्टर्लिंग यांना १९८१ साली वास्तुकलेतील प्रतिष्ठेचे प्रित्झकर पारितोषिक मिळाले. १९९२ साली त्यांचे निधन झाले. गोवन २०१५ साली निवर्तले.

जगभरचे वास्तुविद्येचे विद्यार्थी ही इमारत पाहावयास येत असताना, आत काम करणाऱ्यांचा अनुभव वेगळा होता. उन्हाळ्यात काचेखाली उकाडा होई, हिवाळ्यात गारठा जाणवे आणि पावसाळी दिवसांत छप्पर गळे. ज्या काचेने इमारतीला कीर्ती दिली, तीच तिचे दुखणे ठरली.

१९९३ साली या वास्तूला संरक्षित वारशाचा ‘श्रेणी दोन-तारांकित’ दर्जा मिळाला. यामुळे दुरुस्ती अधिकच नाजूक झाली. जुनी काच ठेवावी तर गळती थांबेना, नवी बसवावी तर मूळ रूप बिघडण्याची भीती. अखेर विद्यापीठाने यंत्रशाळेच्या छपरावरील सुमारे २,५०० काचा बदलण्याचे काम हाती घेतले. उष्णता व थंडी रोखणाऱ्या, परंतु दिसावयास जुन्यांसारख्याच काचा बसवण्यात आल्या. सुमारे एक कोटी पंचाण्णव लाख पौंड खर्चाचे हे काम २०१७ साली पूर्ण झाले.

या इतिहासातील शेवटचा टप्पा आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. गैरसोयीची म्हणून ही इमारत पाडता आली असती, किंवा केवळ पाहण्यासाठी राखून विद्यार्थ्यांना अन्यत्र हलवता आले असते. विद्यापीठाने यांपैकी काहीच केले नाही. ज्या कामासाठी ती बांधली, ते काम तिच्यात सुखाने चालावे म्हणून तिची दुरुस्ती केली. आपल्याकडील जुन्या शाळा, सभागृहे व वाडे यांच्याविषयी निर्णय घेताना हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे.