तूर जमिनीला देते

माहेरच्या शेतात ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीची एखादी ओळ असायचीच. आजी म्हणायची, "तूर जमिनीला देते." काय देते, ते जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ च्या सुमारास शोधलं. नत्राविना वाळूत ओट खुरटले, वाटाणा वाढला. वाळू निर्जंतुक केल्यावर मात्र वाटाणाही खुरटला. म्हणजे देणारे मुळांच्या गाठींतले जिवाणू! (मातीत जीव असतात, हे आपल्याला काय नवं?) पुढे ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर या बाईंनी तृणधान्यांच्या मुळांपाशीही नत्र धरणारे जिवाणू दाखवले, गाठींशिवाय. मी कॉमर्सवाली, हिशेब विचारणारच: तुरीचं नत्र ज्वारीला लगेच मिळतं? थोडंच. बरंचसं पालामुळं कुजल्यावर पुढच्या पिकाच्या खात्यावर जमा होतं.