मानाचे मत कोणाचे?

सामना संपला, मैदान रिकामे झाले, की एक प्रश्न मागे उरतो: आज सर्वांत चांगला कोण खेळला? पंच त्याचे उत्तर देत नाही. त्याचे काम नियमभंगापुरते. गोलांची संख्याही देत नाही. कारण गोल करणारा एक असतो आणि तो घडवून आणणारा पुष्कळदा दुसराच असतो. हा निवाडा अखेर पाहणाऱ्यावर येऊन पडतो. श्रोतेहो, तो करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

फुटबॉलवर लिहिणाऱ्या इंग्लंडातील पत्रकारांनी १९४७ मध्ये आपली संघटना स्थापन केली आणि पुढील वर्षापासून मते घेऊन वर्षातील उत्तम खेळाडू निवडण्याची प्रथा पाडली. १९४८ चा पहिला मान स्टॅन्ली मॅथ्यूज यांना मिळाला. १९५६ मध्ये ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने तीच कल्पना साऱ्या युरोपापुरती वाढवली. १६ पत्रकारांनी पसंतीक्रमाने प्रत्येकी पाच नावे द्यावयाची. पहिल्या नावास ५ गुण, शेवटच्यास १. गुणांची बेरीज झाली तेव्हा मॅथ्यूज यांना ४७ आणि दि स्तेफानो यांना ४४ गुण पडले. अवघ्या तीन गुणांच्या फरकाने ४१ वर्षांचा खेळाडू युरोपात पहिला ठरला.

याच १९५६ साली भारत सरकारने एका खेळाडूस पद्मभूषण देऊन गौरविले. तो खेळाडू झाशीचा, खेळ हॉकीचा आणि नाव ध्यानचंद.

झाशी मराठी माणसाला परकी नाही. नेवाळकरांचे ते संस्थान. १८५८ च्या वेढ्यात गावावर काय गुदरले, ते आपल्याला घरच्या भाषेत कळते ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्यामुळे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेले हे भटजी त्या धामधुमीत सापडले आणि पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी पाहिलेले लिहून काढले. चिंतामणराव वैद्यांनी संपादिलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापला गेला. कीर्ती मिळवावी कर्त्याने आणि टिकवावी पाहणाऱ्याने, हा धडा झाशीने असा फार पूर्वीच गिरवलेला आहे.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, प्रयागचा. वडील लष्करात; कुटुंब झाशीत स्थिरावले. १९२२ मध्ये ते स्वतः साधे शिपाई म्हणून लष्करात भरती झाले. १९२६ मध्ये लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला आणि २१ पैकी १८ सामने जिंकून आला. त्या संघात ते होते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारताने २९ गोल केले, एकही गोल होऊ दिला नाही, आणि त्या २९ पैकी १४ एकट्या ध्यानचंद यांचे होते. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस आणि १९३६ मध्ये बर्लिन येथे पुन्हा सुवर्णपदके आली. बर्लिनच्या अंतिम सामन्यात त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने जर्मनीचा ८-१ असा पराभव केला. हॉकीत त्या काळी वर्षाचा खेळाडू निवडण्याची रीत नव्हती. वार्ताहरांनी त्यांना जादूगार म्हटले आणि ते नाव जनतेने उचलले. मतपत्रिका असलीच, तर ती एवढीच.

परंतु स्वतः या जादूगाराचे मत काय होते? आपला सर्वोत्तम सामना म्हणून त्यांनी ऑलिंपिकचा एकही सामना सांगितला नाही. त्यांनी सांगितला तो १९३३ चा बेटन चषकाचा अंतिम सामना: कलकत्त्यात, बलाढ्य कलकत्ता कस्टम्सविरुद्ध, ‘झाशी हीरोज’ या आपल्या गावच्या संघाकडून खेळलेला. झाशीने तो १-० असा जिंकला. तो एकमेव गोल इस्माईलने केला. ध्यानचंद यांचा होता तो केवळ लांबवर टाकलेला चेंडू. कागदावर त्या दिवशी त्यांच्या नावापुढे शून्य आहे. तो लांबचा चेंडू कोणत्या क्षणी, कोणत्या फटीतून गेला, हे मैदानाच्या कडेला बसलेल्या माणसालाच सांगता येईल.

पत्रकारांच्या मताचे मोल आहे ते येथे. ते साक्षीदाराचे मत असते. पण साक्षीदाराची नजर पोहोचते तेवढीच त्याची साक्ष. युरोपातील तो सोनेरी चेंडू १९९५ पर्यंत केवळ युरोपीय खेळाडूंसाठी राखलेला होता. म्हणून पेले यांच्या हाती तो खेळाडू म्हणून कधीच आला नाही.

आपल्याकडे शासनाने १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू केला. वीसएक वर्षे सरकारी टिपणे लिहिण्यात घालविलेल्या माझ्यासारख्यास या पद्धतीचे गुण ठाऊक आहेत: नियम, समिती, नोंद, शिफारस. मर्यादाही ठाऊक आहेत. ज्याच्यासाठी कोणी कागद हलवीत नाही, त्याची फाईल उघडत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते १९८४ मध्ये वारले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाने. पदक सर्वांनी पाहिले होते. उणीव होती ती पाहिलेले वेळेवर लिहून ठेवणाऱ्याची आणि त्याचा पाठपुरावा करणाऱ्याची.

आता हॉकीतही मतदान आले आहे. जागतिक संघटनेच्या वर्षाच्या खेळाडूसाठी राष्ट्रीय संघटना, पत्रकार, खेळाडू आणि चाहते अशा सर्वांची मते घेतली जातात. २०१९ चा तो मान मनप्रीत सिंग यांना मिळाला, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. एकाची नजर जेथे चुकते तेथे दुसऱ्याची सावरते, म्हणून ही विभागणी मला शहाणपणाची वाटते. २०२१ मध्ये देशाच्या खेलरत्न पुरस्कारास ध्यानचंद यांचे नाव देण्यात आले. ज्यांना निवडण्यासाठी कधी मतपेटी फिरली नाही, त्यांच्या नावाने आता इतरांची निवड होते.

३ डिसेंबर १९७९ रोजी ध्यानचंद दिल्लीत निवर्तले. त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते मात्र झाशीत, हीरोज मैदानावर. तो लांबचा चेंडू टाकणारी काठी ज्या गावच्या संघासाठी चालली, त्या गावाने आपले मत अशा रीतीने नोंदवून ठेवले.