रिॲलिटी शो : प्रेक्षक का गुंततो (डहाणू–तलासरी)

रिॲलिटी शो : खरी माणसे स्वतःच्याच नावाने वावरतात आणि शेवट चित्रीकरणाआधी लिहून ठेवलेला नसतो, असा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम. गाण्याच्या स्पर्धा, प्रश्नमंजूषा, घरोघरी जाऊन खेळवलेले खेळ आणि माणसे एका घरात कोंडून त्यांच्यावर चोवीस तास कॅमेरे लावण्याचा प्रकार, हे सगळे या एकाच नावाखाली येते. ‘वास्तवदर्शी कार्यक्रम’ हा मराठी प्रतिशब्द छापील मजकुरापुरता राहिला. बोलताना सगळे ‘शो’च म्हणतात. प्रेक्षक या कार्यक्रमांत मनाने का अडकतो, याचा विचार इथे पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके समोर ठेवून केला आहे.

पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले की डहाणू रोडनंतर घोलवड, मग बोर्डी रोड आणि मग उंबरगाव रोड. हे तिसरे स्थानक गुजरातेत आहे. १९६० पूर्वी उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता. द्विभाषिक मुंबई राज्य मोडले तेव्हा त्यातली बरीच गावे गुजरातकडे गेली आणि इकडे उरलेल्या गावांचा तलासरी झाला. या उंबरगावात रामानंद सागर यांनी ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण केले. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी ती दूरदर्शनवर लागत असे. लोक आंघोळ करून टीव्हीसमोर बसत, संचाला हार घालत, उदबत्ती लावत. रामाचे काम करणारे अरुण गोविल दिसले की पाया पडत. ‘रामायण’ हा काही रिॲलिटी शो नव्हे. तरीही प्रेक्षक पडद्यावरच्या माणसाशी परस्पर नाते जोडून मोकळा होतो आणि त्या माणसाला त्याची खबरही नसते, ही गोष्ट या भागाच्या उंबरठ्यावरच आधी दिसून गेली.

या एकतर्फी नात्यावर डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहिले होते. त्यांच्यासमोर रेडिओ आणि टीव्हीचे निवेदक होते. रोज ठरल्या वेळी घरात येणारा, डोळ्यांत बघून बोलणारा माणूस ओळखीचा वाटू लागतो, एवढा साधा त्यांचा मुद्दा. मराठीत त्याचे सर्वांत चोख उदाहरण ‘होम मिनिस्टर’. २००४ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात आदेश बांदेकर घरोघरी जात, घरातल्या बाईला बोलते करीत आणि जिंकणारीला पैठणी देत. महाराष्ट्र त्यांना नावाने हाक मारीत नव्हता, ‘भावोजी’ म्हणत होता. निर्मात्यांना दुसरे काही करावे लागले नाही. एका नात्याच्या शब्दाने काम भागले.

भारतातील वाटचाल थोडक्यात अशी : ‘सा रे ग म’ १९९५, ‘कौन बनेगा करोडपती’ २०००, ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता अभिजीत सावंत २००५. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सुरू झालेल्या ‘बिग ब्रदर’ची हिंदी आवृत्ती ‘बिग बॉस’ २००६ मध्ये आली, मराठी आवृत्ती २०१८ मध्ये.

मराठी घरांना खरे वेड लावले ते २००८-०९ च्या ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ने. आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत आणि रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे. या पाच जणांची गावे लोकांना त्यांच्या गाण्यांइतकीच पाठ झाली होती. कार्तिकी जिंकली. पुढे प्रथमेश आणि मुग्धा यांनी २०२३ मध्ये लग्न केले, तेव्हा ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते त्यांनाही घरचे कार्य असल्यासारखे वाटले. मुले डोळ्यांदेखत मोठी झाली, एवढाच त्या आपलेपणाचा आधार.

कोंडलेल्या घराचा प्रकार निराळा. स्पर्धकांकडे फोन नाही, वर्तमानपत्र नाही, घड्याळ नाही. अशा जागी भांडी कोणी घासायची हा प्रश्न राज्याच्या वाटणीएवढा होतो. दोन मिनिटांची बोलाचाली पडद्यावर पाव तास चालते. आधी एक वाक्य, मग तिसऱ्याच कोणाचा तरी उतरलेला चेहरा (तो कदाचित दुपारी भुकेने उतरलेला असेल), ढोलाचा एक ठोका, जाहिरात, आणि जाहिरातीनंतर तेच वाक्य पुन्हा. चोवीस तासांतून तासभर निवडणारा संकलक हाच या प्रकाराचा लेखक. हे बघणाऱ्यांना कळत नाही, असे समजण्याचे कारण नाही. ‘सगळे ठरवून असते’ असे म्हणत माणसे शेवटपर्यंत बसून राहतात. खरे-खोटे करण्यात त्यांना फारसा रस नसतो. आपला कोण आणि परका कोण, हे एकदा ठरले की पुरते. माध्यम-अभ्यासक डॉल्फ झिलमन यांचा सिद्धान्त हेच सांगतो : आवडत्याचे भले आणि नावडत्याची फजिती झाली की बघणाऱ्याला सुख होते. मराठी ‘बिग बॉस’चे तेव्हाचे सूत्रसंचालक महेश मांजरेकर स्पर्धकांची कानउघाडणी करीत त्या आठवड्याअखेरच्या भागाला ‘चावडी’ हे नाव होते. नाव ठेवणाऱ्याला मराठी माणूस बरोबर कळला होता.

घरच्यांच्या भेटीचा आठवडा जवळून पाहण्याजोगा आहे. ‘फ्रीज’ असा हुकूम सुटतो आणि स्पर्धक आहे त्या स्थितीत गोठतात. दार उघडते. आई आत येते, लेकीच्या गालावरून हात फिरवते, ‘बारीक झालीस’ म्हणते. लेकीला हलायची मुभा नसते. डोळ्यांतून पाणी वाहते, हात मांडीला चिकटलेले. मग ‘रिलीज’ असा आवाज येतो, पण बहुधा आई दाराकडे वळल्यावर. क्रूर युक्ती आहे, आणि हमखास लागू पडणारी.

डहाणू–तलासरीत ती का लागू पडावी, हे समजायला या भागातली घरे पाहावी लागतात. इथली वारली आणि इतर आदिवासी माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. कित्येक तरुण खलाशी म्हणून पोरबंदर, वेरावळ, ओखा इथल्या बोटींवर चढतात. यातल्या काही बोटी सागरी हद्दीवर पाकिस्तानकडून पकडल्या गेल्या आहेत आणि इथले खलाशी कराचीच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिले आहेत. गेलेल्या माणसाची खबर नसणे म्हणजे काय, हे या पाड्यांना टीव्हीने शिकवलेले नाही. त्या गोठलेल्या लेकीकडे बघताना घरातल्या बाईला रडू येते ते कोणासाठी, हे विचारू नये.

दुसरी बाब भाषेची. घरात वारली बोली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि पडद्यावर बहुधा हिंदी, असा तलासरीकडचा व्यवहार आहे. त्यामुळे इथला प्रेक्षक एका वाहिनीचा बांधील नाही. २०२३ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वात पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन पहिला आणि अमरावतीचा शिव ठाकरे दुसरा आला. हिंदीतून मराठी मुलगा ‘आपला’ होण्याची ही वाट सीमेवरच्या माणसाला सोयीची आहे. स्वस्त मोबाइल डेटा आल्यापासून तर पूर्ण भाग पाहण्याचीही गरज उरलेली नाही. भांडणाचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे हातोहात फिरतात आणि त्यांवरच बाजू ठरतात.

आपल्या तालुक्याचा स्पर्धक नसेल तर माणसे परिस्थितीवरून आपला माणूस निवडतात. मराठी ‘बिग बॉस’चे पाचवे पर्व ६ ऑक्टोबर २०२४ रोजी सूरज चव्हाणने जिंकले. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, लहानपणीच आईवडील गेलेला, शाळा अर्धवट सुटलेला आणि टिकटॉकवर नाव झालेला हा मुलगा. त्याच पर्वात दुसरा आला तो अभिजीत सावंत : पहिला ‘इंडियन आयडॉल’, शहरी, नावाजलेला. या निकालात गाण्याचा, बुद्धीचा काही संबंध नव्हता. ज्याला घरातले हसले त्याला बाहेरच्यांनी उचलून धरले. ज्यांना कचेरीत, बँकेत, एसटीच्या खिडकीवर ‘तुला कळत नाही का?’ हे वाक्य ऐकावे लागते, त्यांना त्या मताची किंमत वेगळी सांगायला नको. स्टीव्हन राइस आणि जेम्स विल्ट्झ यांनी २००४ मध्ये अमेरिकी प्रेक्षकांची पाहणी करून असे मांडले की, हे कार्यक्रम आवडीने बघणाऱ्यांत प्रतिष्ठेची ओढ इतरांपेक्षा जास्त असते. सूरजच्या बाबतीत त्याला पुरवणी जोडावी लागेल : स्वतःची नाही तर आपल्यासारख्याची प्रतिष्ठाही चालते.

मत देता येणे हा या प्रकारातला सर्वांत पक्का फासा आहे. नाटक-सिनेमात रडून मोकळे होता येते. इथे ‘मी मत दिले नाही म्हणून ती गेली’ ही टोचणी मागे उरते. एसएमएसच्या काळात त्याला पैसे पडत, आता ॲपवर फुकट होते. हरल्याचा राग मात्र तेव्हाइतकाच येतो.

या भागाची स्वतःची करमणूक दुसऱ्या टोकाची आहे. तारपा वाजवणारा मध्ये उभा राहतो आणि हातात हात गुंफलेली रांग त्याच्याभोवती फिरते; ज्याला वाटेल तो रांगेत शिरतो, दमेल तो बाहेर येतो. बाद कोणी कोणाला करीत नाही. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतून तो फेर जगभर गेला. त्यामुळे इथली माणसे टीव्हीच्या नादी लागून ‘बिघडली’ असा सूर काही शहरी लेखक लावतात. तो उथळ आहे. फेर धरणारा माणूस रात्री मोबाइलवर ‘बिग बॉस’ बघतो आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही.

या विषयाची पाहणी करू इच्छिणाऱ्याने पाड्यावर रात्री नऊनंतर जावे. उंबरगावच्या कारखान्यांतून दिवसपाळीची माणसे परतून, जेवून तेव्हाच निवांत होतात. पहिल्या जाहिरातीपर्यंत त्यांना प्रश्न विचारू नयेत.