पागेच्या माथ्यावरचं रोमन देऊळ

मंडळी, आज जरा लांब जायचं आहे, थेट स्कॉटलंडला. एडिंबरोच्या दक्षिणेला पेनिकुक नावाचं गाव आहे. तिथे क्लार्क घराण्याची जुनी जहागीर. वीज आणि चुंबक यांना एका गणितात बसवणारे जेम्स क्लार्क मॅक्सवेल (१८३१–१८७९) याच घराण्याच्या एका शाखेतले. पण आजचा विषय विज्ञान नाही, घोड्यांची पागा आहे!

या घराण्यातले सर जेम्स क्लार्क इटली पाहून आलेले, वास्तुकलेचा नाद असलेले गृहस्थ. १७६१ साली त्यांनी स्वतःच्या कल्पनेनुसार एक भव्य प्रासाद बांधायला घेतला आणि त्याच दशकात जवळच पागा बांधली. मध्ये चौक, चारी बाजूंनी दगडी इमारत. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशी रचना. प्रवेशाच्या कमानीवर निमुळत्या टोकाचा मनोरा. आणि त्याच्या समोरच्या बाजूला, छपराच्या वर, एक गोल घुमट. तो घुमट म्हणजे कबुतरखाना.

आता गंमत अशी, की हा कबुतरखाना एका रोमन वास्तूची प्रतिकृती आहे. फॉल्कर्कजवळ, कॅरन नदीच्या उत्तरेला, रोमन काळातली एक गोल दगडी वास्तू उभी होती. उंची सुमारे २२ फूट, आकार मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. ते देऊळ असावं किंवा विजयस्मारक, असं अभ्यासक मानतात. लोक तिला 'आर्थर्स ऊन' म्हणत. हे आपलं ऊन नव्हे बरं का! त्यांच्या बोलीत 'ऊन' म्हणजे भट्टी. राजा आर्थरची भट्टी.

सोळा शतकांच्या आसपासचं वय असलेली ही वास्तू १७४३ साली तिथल्या जमीनदाराने, सर मायकेल ब्रूस यांनी, पाडली. कशासाठी? गिरणीच्या बंधाऱ्याला दगड हवे होते म्हणून. पुढे काही वर्षांतच पुरात तो बंधाराही वाहून गेला. म्हणजे देऊळ गेलं ते गेलंच, आणि बंधाराही राहिला नाही.

सर जेम्स यांचे वडील सर जॉन हे प्राचीन वस्तूंचे मोठे अभ्यासक. त्यांना या पाडापाडीचा फार संताप आला होता. ते १७५५ साली वारले. मुलाने मग पागेच्या माथ्यावर ती वास्तू पुन्हा उभी केली. हे शक्य झालं, कारण ती पडण्यापूर्वी काही लोकांनी तिची चित्रं काढली होती, मापं घेतली होती. विल्यम स्टकली यांनी १७२० साली आणि अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७२६ साली तिच्याविषयी पुस्तकं छापली होती.

पुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. १८९९ साली मोठ्या प्रासादाला आग लागली. अलेक्झांडर रन्सिमन यांनी १७७२ साली रंगवलेलं दिवाणखान्याचं प्रसिद्ध छत जळून गेलं. उरल्या नुसत्या भिंती. क्लार्क कुटुंबाने प्रासाद पुन्हा बांधला नाही. त्यांनी पागेचंच राहतं घर करून घेतलं. जिथे घोडे बांधले जात, तिथे मालक राहायला आले! प्रासादाचे अवशेष आणखी ढासळू नयेत म्हणून त्यांच्या डागडुजीचं मोठं काम २०१४ साली पुरं झालं. पण तो आता फक्त पाहण्याचा सांगाडा आहे.

मला यात एक गोष्ट दिसते. जुनी वास्तू उपयोगामुळे टिकते असं आपण म्हणतो, आणि पागेच्या बाबतीत ते खरंही ठरलं. पण आर्थरची भट्टी पडली तीसुद्धा उपयोगासाठीच! फरक एवढाच, की ब्रूसना त्यात फक्त दगड दिसले. क्लार्क बापलेकांना त्या दगडांचा आकार दिसला. दगडाला गिऱ्हाईक नेहमीच मिळतं. आकार मात्र कुणीतरी वेळेवर मोजून, कागदावर उतरवून ठेवावा लागतो.

तुमच्या गावात, तुमच्या आळीत असं काही जुनं उभं असेल, तर वाचकहो, टेप घेऊन जा, मापं घ्या, चार ओळी लिहून ठेवा. कोण जाणे, उद्या कुणाला तरी कबुतरखाना बांधायचा असेल!