फटफटीचा पुढचा चिमटा

लहानपणी आम्ही गावाकडे मोटारसायकलीस फटफटी म्हणत असू. पुढे नोकरीनिमित्त दिल्लीस आलो, तेव्हा लाल किल्ल्याकडून कॅनॉट प्लेसकडे उतारू वाहणाऱ्या एका अजब वाहनासही तेथील लोक फटफटीच म्हणतात हे ऐकून परमुलखात घरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांस मागे बाके व छप्पर जोडून ही वाहने केलेली होती. १९९८ साली प्रदूषणाच्या कारणावरून ती रस्त्यावरून गेली. आमच्या डोळ्यांपुढे मात्र राहिला तो त्या जुन्या गाड्यांचा पुढचा चिमटा.

यास स्प्रिंगर म्हणतात. त्यास पायांच्या दोन जोड्या असतात. मागची जोडी पक्की, पुढची वरखाली होणारी. खाली दोन्ही आखूड तरफांनी सांधलेल्या असून चाकाचा आस त्या तरफांवरच असतो. खड्डा आला की चाक उचलते, तरफ फिरते, पुढचे पाय वर सरकतात आणि हँडलाजवळच्या स्प्रिंगा दबतात. सारा कारभार उघड्यावर. पाहणाऱ्यास यंत्र कळते. आमच्या मते त्याच्या मोहाचे रहस्य हेच.

१९३५ साली बीएमडब्ल्यूने आर १२ या गाडीस तेलाने धक्का जिरवणारा, नळीत नळी सरकणारा चिमटा दिला. हार्लेने आपल्या मोठ्या गाडीवर तो १९४९ साली घेतला आणि स्प्रिंगर मोडीत निघाला. आश्चर्य असे की, १९८८ साली त्याच कंपनीने नव्या सॉफ्टेलवर तो पुन्हा आणला, केवळ रूपासाठी. २०११ नंतर पुन्हा सोडला. आता हौशी लोक आपल्या क्रूझर गाड्यांवर तो कारागिरांकडून बसवून घेतात.

बसवणे मात्र नुसते नटबोल्टांचे काम नव्हे. सुकाणूचा दांडा व त्याचे बेअरिंग गाडीच्या मानेत बरोबर बसले तरी खरा प्रश्न पुढेच असतो. सुकाणूच्या आसाची रेषा खाली ओढली तर ती जमिनीस चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपुढे मिळते. या दोहोंतील अंतरावर गाडीचा सरळपणा अवलंबून असतो. चिमटा बदलला, लांब केला, की ते बदलते. फार घटले तर वेगात हँडल थरथरते. फार वाढले तर सावकाश जाताना गाडी वळता वळत नाही. शिवाय चाक तरफांवर असल्याने ब्रेकचा पिळा पक्क्या पायांकडे नेणारा आधारदांडा लागतो. तो कमकुवत असेल तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

हौशी माणसास आम्ही हसत नाही. आमच्याही सरकारी बंगल्यात गावच्या झोपाळ्याच्या पितळी कड्या टांगण्याची आम्हांस इच्छा झाली होती. छताखाली उभे राहून मिस्त्रीने वर पाहिले आणि मान हलवली. कड्या अजून ट्रंकेत आहेत.