टिक्क्याचं कूळ

चिकन टिक्क्याचा विषय निघाला की मंडळी थेट मुघलांच्या भटारखान्यात शिरतात. बाबराला म्हणे हाडं नकोत, म्हणून आचाऱ्यांनी बिनहाडाचे तुकडे भाजले! गोष्ट झकास आहे, पण टिक्क्याचं कूळ शोधायला तिचा फारसा उपयोग नाही.

सळीवर मांस भाजणं मुघलांच्या कितीतरी आधीचं. शूलावर भाजलेल्या मांसाला काय म्हणायचं, यासाठी पाणिनीने सूत्र केलंय. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 1129च्या सुमारास लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मांसाचे तुकडे सळीला टोचून निखाऱ्यावर भाजायची कृती आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंद करणारा ग्रंथही हाच. म्हणजे ओवी आणि कबाब एकाच पोथीत!

पण आपण ज्याला टिक्का म्हणतो त्याचं थेट घराणं पेशावरचं. तंदूर तिथे मुख्यतः रोटीसाठी. कुंदनलाल गुजराल यांनी त्यात दह्यामसाल्यात मुरवलेली अख्खी कोंबडी सळीला लावून सोडली, असं सांगतात. फाळणीनंतर ते दिल्लीला आले आणि भागीदारांसह दर्यागंजमध्ये ‘मोतीमहल’ उघडलं. नेहरूंच्या पाहुण्यांच्या पानात तंदुरी चिकन पडू लागलं आणि त्याचं नाव झालं. तोच मसाला हाडं काढलेल्या तुकड्यांना लागला की टिक्का. या घराण्यातलं बटर चिकन मूळचं कोणाचं, यावरून भागीदारांचे वारस 2024मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात भांडत होते. कुळकथा कोर्टात गेली की समजावं, धंदा तेजीत आहे.

घरी टिक्का करण्याचं श्रेय मात्र मी आचाऱ्यांइतकंच ब्रॉयलरला देईन. गावठी कोंबडी चिवट. तिला रस्साच बरा. 1971मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढे तिचं मुख्यालय पुण्यात आलं, आणि अशा व्यवसायांमुळे कोवळी, मांसल कोंबडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. ‘बोनलेस अर्धा किलो द्या’ हे वाक्य त्यानंतरचं.

तंदूर घरात नाही, तिथे खरी कसोटी. त्यात चारशे अंशांच्या पुढे धग असते. दही आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकते, त्याचा धूर मांसाला लागतो. गॅसवर वांगं भाजायच्या जाळीने कडा करपतील, पण हा धूर येणार नाही. म्हणून भाजलेल्या तुकड्यांमध्ये वाटी ठेवून तिच्यात पेटता कोळसा, त्यावर तुपाचे दोन थेंब आणि लगेच झाकण: हा धुंगार.

दही मात्र पातळ नको. पाणी सुटलं की तुकडे भाजण्याऐवजी शिजतात आणि मसाला तव्यावर उतरतो. श्रीखंडासाठी आपण चक्का बांधतो तोच इथे लागतो. मोहरीच्या तेलात काश्मिरी मिरचीची पूड आधी कालवून मग चक्क्यात घातली तर रंग नीट उतरतो. दह्याची आंबटाई सौम्य असते, मांस हळूहळू मऊ करते. रात्रभर ठेवलं तरी चालतं. लिंबाचा मात्र हात आखडता. कच्ची पपई तर चिकनला नकोच, ती मटणासाठी ठेवा. लाकडी काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजत घाला, नाहीतर तुकड्यांआधी त्याच पेटतात.